साळुंकीने एकच वाक्य सांगितलं

एका राज्यात माणसाला माणसाचं मन कळत नसे, म्हणून ते लोक पाखराला विचारत.

राजवाड्याच्या चौकात चांदीच्या दांडीवर एक साळुंकी बसे. पिवळी चोच, पिवळे डोळे, आणि म्हातारी इतकी की कितीतरी पिढ्या तिच्यापुढे आल्या नि गेल्या. मुलगा असो की मुलगी, विशी ओलांडली की चैत्रात त्याला नवी वस्त्रं नेसवून तिच्यापुढे उभं करीत. ह्याला ते मनपारख म्हणत. साळुंकी मान वाकडी करी आणि एकच वाक्य बोले. ‘ह्याचं मन घाटाखालच्या मुलीकडे जातं.’ ‘हिचं मन तांबटाच्या मुलाकडे जातं.’ साळुंकी कधी खोटं बोलत नसे. लोक ‘बरं’ म्हणत, पेढे वाटत, आणि पेढा संपेपर्यंत ते वाक्य विसरून जात.

त्या राज्याचा राजा जयध्वज, राणी मालवती, आणि त्यांची एकुलती एक लेक वेणुमती. वेणुमती कशी होती म्हणाल, तर तोंडाने फटकळ, हाताने हळवी. लंगडा घोडा तिच्या हाताखाली आठवड्यात दौडू लागे. वांगं पाहिलं की ताटावरून उठे. गाणं बरं म्हणे, पण कुणी ऐकतंय असं कळलं की थांबे. राणीला ह्यातलं सगळं ठाऊक होतं, जसं कुठल्याही आईला असतं.

चैत्र आला. वेणुमती साळुंकीपुढे उभी राहिली. साळुंकीने मान वाकडी केली आणि म्हटलं, “हिचं मन स्त्रीकडे जातं.”

चौक थबकला. नगारजीची टिपरी हवेतच राहिली. प्रधानाने पेढा तोंडाशी नेला होता, तो तसाच धरून उभा राहिला. राणी मालवतीचाही श्वास अडला. एकच श्वास, जास्त नाही.

त्या दिवसापासून नवल घडू लागलं. राज्याला वेणुमतीबद्दल ते एक वाक्य तेवढं आठवे, बाकीचं विरत चाललं. दरबारात दोन तट पडले. एक म्हणे, तिला वनात धाडा. दुसरा म्हणे, छे, तिला मखरात बसवा, असं माणूस आपल्या राज्यात म्हणजे आपलं भाग्य. दोघे सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडत. वेणुमती घोड्याच्या पायाला लेप लावून, हाताला हळदीचा नि डिंकाचा वास घेऊन त्यांच्यामधून निघून जाई, पण तिला कुणी विचारत नसे की घोडा कसा आहे. आचारी तिच्या पानात वांगं वाढू लागला. राजाची बहीण राणीला म्हणाली, “वहिनी, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. आम्ही तिला तशीच मानतो.”

“तशीच म्हणजे कशी, वन्सं?”

वन्सं आठवू लागल्या. त्यांना काहीच आठवलं नाही.

मग एके दिवशी दुपारच्या जेवणाला राणीने पाहिलं, एक पाट रिकामा आहे. पाट कुणाचा ते तिला कळेना. पुष्कळ वेळाने ओठांवर आलं, ‘माझ्या लेकीचा. जिचं मन स्त्रीकडे जातं.’ त्यापुढे काही येईना. नाक कसं, डोळे कसे, हसते कशी, रुसते कशी, काही काही नाही. पोटच्या मुलीचं एक वाक्य तेवढं उरलं होतं. राणीच्या हातातला घास ताटात पडला.

ती तशीच उष्ट्या हाताने चौकात गेली.

“साळुंके, माझी मुलगी कुठे आहे?”

“जिथे मी घडले तिथे. मायावी धूम्रकेशाच्या परसात. एका वाक्याएवढं झालेलं माणूस तिथे जाऊन पडतं.”

“तू तिच्याबद्दल खोटं बोललीस का?”

“मी खोटं बोलत नाही, राणी.”

“खोटं नाही बोलत. पण पुरतं तरी कुठे बोलतेस?”

साळुंकी दांडीच्या टोकाला सरकली. मग म्हणाली, “वाट मला ठाऊक आहे. मला दांडीवरून सोड.”

राजाने ऐकलं आणि म्हणाला, “राणीसाहेब, फौज घेऊन जा.”

“महाराज, फौजेला कुणाला शोधायला सांगू? तिचा चेहरा तुम्हाला आठवतो?”

राजाने मान खाली घातली. राणीने पदर खोचला, साळुंकीला खांद्यावर बसवलं आणि निघाली.

जाता जाता वाटेवर एक नदी लागली. पाणी काजळासारखं काळं, काठाला एक नाव. नावेला वल्हं नाही, शीड नाही. पुढच्या टोकावर, नाळेवर, एक कासव ऊन खात बसलं होतं.

“पलीकडे जायचं आहे,” राणी म्हणाली.

“बसा. ही नाव खऱ्या बोलण्यावर चालते. आजवर कुणाला सांगितलं नाही असं सांगा.”

राणी नावेत बसली. विचार करून म्हणाली, “मला माझ्या नणंदेचा राग येतो.”

नाव वीतभर सरकली आणि थांबली.

“हे सगळ्या राज्याला ठाऊक आहे,” साळुंकी म्हणाली.

“तुम्ही बसल्या आहात तोवर मी एक झोप काढतो,” कासव म्हणालं आणि त्याने मान आत घेतली.

राणी पाण्याकडे पाहत बसली. मग हळू आवाजात बोलू लागली. “माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे. मी एकवीस वर्षांची होते. आमच्या शेजारी कुमुदिनी राहायची, माझ्याच वयाची. त्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया राखायला आम्ही दोघी बसायचो. कावळे हाकायचे म्हणून हातात काठी, आणि दुसरा हात तिच्या हातात. एकदा तिने माझ्या गालाला लागलेला चीक पुसला आणि तिथेच ओठ टेकले. मीही टेकले. तो सगळा उन्हाळा माझं मन तिच्याकडे जात होतं. कावळ्यांनी अर्ध्या कुरडया नेल्या. आईने बोल लावला, आम्ही हसत राहिलो. मग पाऊस आला, तिचं लग्न ठरलं, पुढे माझं ठरलं. महाराजांवर मी जीव लावला तो खोटा नव्हे. पण कुणावर जीव लावायचा म्हणजे काय ते मी आधी त्या गच्चीवर शिकले. कुमुदिनीचे मी कधी आभार मानले नाहीत. आज मानते.”

नाव केव्हाच चालू लागली होती. आता ती पलीकडच्या वाळूला लागली.

“तू सून होऊन आलीस, त्या चैत्रात तुझ्या मनपारखीच्या दिवशी हे मला दिसलं होतं,” साळुंकी म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“मला माणसामागे एकच वाक्य दिलेलं आहे. त्या दिवशी तुझ्यात राजाचं वाक्य मोठं होतं.”

राणी वाळूतून चालू लागली. थोड्या वेळाने तिच्या मनात एक आशा उगवली. “साळुंके, माझा जसा एक उन्हाळा होता, तसा वेणुमतीचाही असेल का? येईल आणि जाईल?”

“तुझं तुझं. तिचं तिचं. मला विचारून विचारूनच तर हे सगळं झालं आहे.”

पुढे बाभळीचं रान लागलं. रानात शिरायच्या वाटेवर एक नागीण वेटोळं घालून बसली होती. फण्यावर पांढरी खूण, आणि पुढ्यात एक काचेची कुपी.

“राणी, इतकी वणवण कशाला? ही कुपी घे आणि इथूनच घरी जा. दुधातून तीन थेंब दे. तुझ्या लेकीच्या मनाचं तोंड वळेल. ती राजपुत्रांकडे पाहू लागेल, राज्य निवांत होईल, आणि शाप आपोआप गळून पडेल.”

“पण ती धूम्रकेशाकडे आहे. तिला देऊ कशी?”

“घरी चुलीवर दूध ठेव, थेंब टाक, तिचं नाव घे. ती ताटावर येऊन बसेल.”

राणीने कुपी उचलली. खरं सांगायचं तर ती परत फिरली. रिकामा पाट तिच्या डोळ्यांपुढे होता. त्याच्यावर लेक बसलेली तिला दिसू लागली. दरबार भांडत नाही, वन्सं कीव करत नाहीत, सगळं कसं जिथल्या तिथे. ती नदीच्या वाटेला लागली आणि साळुंकी काही बोलली नाही. बोलली असती तर राणीने ऐकलंही नसतं.

मग राणी थांबली. वळून नागिणीला म्हणाली, “मन वळलं, तर बाकीची ती तशीच राहील ना?”

“बाकीची कशी होती?” नागिणीने विचारलं.

राणीला सांगता येईना.

“मला काय ठाऊक, बाई,” नागीण म्हणाली. “लुगड्यातला एक धागा ओढून काढला तर लुगडं लुगडंच राहतं. पण पदरापासून काठापर्यंत कुठे कुठे चुणी पडते, ते नेसणारीला कळतं. तुझी मुलगी पाटावर येईल एवढं मी सांगते. ती कोण असेल ते मी सांगत नाही.”

राणीने पुष्कळ वेळ कुपी मुठीत धरली. मग ती नागिणीपुढे ठेवली आणि म्हणाली, “मला पाटावर माणूस नको. माझी मुलगी हवी. कशी आहे ते आठवत नाही, पण आहे तशी हवी.”

नागीण वाटेतून सरकली. राणी काट्यांतून चालत गेली. तळपाय सोलवटले, पण ती मनातल्या मनात नागिणीचेही आभार मानत होती. नागिणीने खोटं सांगून कुपी खपवली असती तर तिने ती घेतली असती.

रानापलीकडे धूम्रकेशाचं घर होतं. तो परसात भोपळ्याच्या वेलाला पाणी घालत होता. त्याच्या जटांतून सावकाश धूर निघे आणि वेलाच्या पानांत अडकून राही.

“या, राणीसाहेब. पाखराला परत घेऊन आलात?”

“पाखराला नाही, मुलीला न्यायला आले. तुम्ही तिला शाप का दिलात?”

“मी शाप दिला नाही. तुमच्या सासरच्या मूळपुरुषांना माणसांचं ऐकत बसायला सवड नव्हती. म्हणाले, कोण कसं आहे ते मला झटपट कळू दे. मी पाखरू दिलं. सांगून ठेवलं होतं की ज्या वाक्याला राज्य थबकेल, ते वाक्य त्या माणसाचं बाकी सगळं गिळेल.”

“राज्य थबकलं,” राणी म्हणाली.

“तुम्हीसुद्धा.”

राणीने मान डोलावली. ती खोटं बोलायला तिथवर आली नव्हती.

धूम्रकेशाने परसाचं फाटक उघडलं. आत आंब्यांच्या सावलीत ओळीने मुली बसल्या होत्या. सगळ्यांना राखी लुगडी, सगळ्यांचा एकच चेहरा, जणू एका साच्यातून काढलेल्या गौरी.

“ह्या सगळ्यांचं मन स्त्रीकडे जातं,” धूम्रकेश म्हणाला. “ह्यांत एक तुमची. जिचा हात धराल ती तुमच्याबरोबर येईल. चुकलात तर चुकलेलीच लेक म्हणून नांदेल, आणि खरी इथे राहील.”

 लेकीची जी एकच खूण तिच्यापाशी होती ती त्या साऱ्यांना लागू पडत होती.

ती पहिल्या मुलीपुढे जमिनीवर बसली. “बाळ, तुला काय आवडतं?”

“माझं मन स्त्रीकडे जातं.”

“ते कळलं गं. भाजी कोणती आवडते?”

“माझं मन स्त्रीकडे जातं.”

“भांडतेस कशावरून?”

“माझं मन स्त्रीकडे जातं.”

“ही मुलगी जेवायला बसली तर वाढणाऱ्याचं कठीण आहे,” साळुंकी म्हणाली.

राणी दुसरीकडे सरकली, मग तिसरीकडे. कुणाला झोपेचं विचारलं, कुणाला स्वप्नाचं, कुणाला बालपणी कुठे पडून खरचटलं ते. उत्तर तेच येई. ऊन माथ्यावर आलं. राणीचा घसा कोरडा पडला, तरी ती पुढच्या मुलीला तितक्याच आवडीने विचारी, जणू तीच पहिली. आणि विचारता विचारता तिच्या मनात आलं, वेणुमतीला मी असं कधी विचारलं होतं? ठाऊक होतं सगळं, पण ते ती पाळण्यात असल्यापासून मी पाहिलं म्हणून. विचारलं कधीच नाही.

ती एका मुलीपुढे बसली आणि तोंड उघडणार तोच ती मुलगी म्हणाली, “त्या पाखराचा उजवा पंख लोंबतोय. इतक्या उन्हात खांद्यावर घेऊन हिंडतेस, पाणी तरी पाजलंस का?”

राणी तिच्याकडे पाहत राहिली. “हिच्यामुळे तू इथे आलीस.”

“तिने पाहिलं ते सांगितलं. आण इकडे. दांडीवर बसवून बसवून सांधा आखडलाय तिचा, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि तुझ्या पायाला काय झालंय? एवढ्या राज्याची राणी, एक जोडा मिळाला नाही?”

राणीने तिचा हात धरला. त्या हाताला हळदीचा नि डिंकाचा वास होता. धरता धरता राखी चेहरा धुक्यासारखा विरला आणि त्याखालून तिच्या लेकीचा चेहरा वर आला, उजव्या भुवईच्या कोपऱ्यावर वासराने मारलेल्या लाथेची खूण घेऊन. मागोमाग एकेक आठवू लागलं. वांगं. अर्ध्यात थांबणारं गाणं. झोपेत पांघरूण लाथाडणं. राणी रडली, आणि वेणुमती साळुंकीचा पंख चोळता चोळता म्हणाली, “आई, रडून घे, पण हिला धर जरा.”

“कसं ओळखलंत?” धूम्रकेशाने विचारलं.

“ओळखलं नाही. विचारत राहिले.”

“न्या तिला. पण अजून राज्य सुटलेलं नाही. चौकात हे पाखरू तेच वाक्य पुन्हा बोलेल. राज्य थबकलं नाही, तर शाप कायमचा गेला. थबकलं, तर ही इथे परत. आणि थबकू नका असा हुकूम काढून चालणार नाही.”

दोघी मायलेकी काट्यांच्या रानातून, नावेतून परत निघाल्या. ह्या खेपेला नाव थांबली नाही, कारण राणी विचारत होती आणि वेणुमती बोलत होती.

“मन कुणाकडे जातं, बाळ?”

“कुंभाराच्या रखमाकडे.”

“आणि तिचं?”

“तिचं अजून ठरत नाही. कधी माझ्याशी तासन्‌तास बोलते, कधी सुताराच्या नारोबाशी हसत बसते. म्हणते, मला अजून कळत नाही.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? कळेल तेव्हा कळेल. तोवर तिने केलेली मडकी मी घोड्यांच्या लेपाला वापरते. चांगली असतात.”

“तुझं मात्र तुला कळलंय?”

“कधीचंच. ते काही माझ्या मनात पाहुणं आलेलं नाही, आई. ते तिथे राहतं.”

राणी म्हणाली, “आणि ते केवढं आहे गं? लोक तर म्हणतात, सगळी तू तेवढीच.”

वेणुमतीने विचार केला. “मोठं आहे. ते काढलं तर मी मी राहणार नाही. पण मला भूकही लागते.”

राणी हसली आणि पदराला बांधलेले चुरमुरे तिने लेकीच्या ओंजळीत ओतले.

नगराच्या वेशीपाशी राणीने सामोरा आलेला मेणा परत पाठवला. म्हणाली, “चालत जाऊ.” आणि ती लेकीला घेऊन सगळ्या पेठांतून हिंडली. लोक आधी बाजूला होत, त्या वाक्याखेरीज त्यांना काही सुचत नसे. पण वेणुमती काही गप्प बसणारी नव्हे. तेल्याचा बैल पाहिला आणि म्हणाली, “जू सैल कर, मानेला घट्टा पडलाय.” प्रधानाच्या घोडीचे दात पाहिले आणि प्रधानाला म्हणाली, “तुम्हाला फसवलंय, ही म्हातारी आहे.” आचाऱ्याशी तर वांग्यावरून असं भांडण जुंपलं की अख्खी गल्ली गोळा झाली. दिवस कलेपर्यंत नगरात असं घर उरलं नाही ज्याचं वेणुमतीशी काही काम, काही वाद किंवा काही देणंघेणं निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक भरला. साळुंकी दांडीवर बसली, वेणुमती तिच्यापुढे ओट्यावर उभी राहिली. राणीने राजाजवळ उभं राहून डोळे मिटले. तिने हुकूम दिला नव्हता, नवस तेवढा बोलली होती.

साळुंकीने मान वाकडी केली. “हिचं मन स्त्रीकडे जातं.”

“बरं,” तेली म्हणाला. “ताई, पण घट्ट्याला लावू काय?”

“आधी माझं,” प्रधान म्हणाला. “त्या घोडीचं मी काय करू ते सांगा.”

“भेंडी चालेल का भेंडी?” मागून आचारी ओरडला.

राणीने डोळे उघडले. राजा जयध्वज लेकीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. मग राजा खाकरला. “मला वाटतं, आधी माझा पंचकल्याणी घोडा. तो अजून लंगडतोय. तिला खाली उतरू द्या, इथे उभं करून काय ठेवलंय तिला?”

चांदीची दांडी मधोमध दुभंगली.

साळुंकी उडाली, चौकाला एक फेरी घालून नगारखान्यावर बसली आणि तिच्या चोचीतून आयुष्यात पहिल्यांदा दुसरं वाक्य बाहेर पडलं. “आणि हिला वांगं आवडत नाही.” मग तिसरं. मग तिला थांबवता येईना. आजवर जे जे पाहिलं नि गिळलं ते ती सांजेपर्यंत बोलत राहिली. कोण विहिरीला घाबरतो, कोण चोरून अभंग रचतो, कुणाला मेलेल्या भावाची आठवण दह्याच्या वासाने येते. लोक लाजले, हसले, एकमेकांकडे नव्याने पाहू लागले.

तेवढ्यात वेशीतून माणसं येऊ लागली. धूम्रकेशाच्या परसातून सुटलेली, आजवर कुणाकुणाच्या थबकण्याने विरलेली. त्यांत राजाचा एक चुलता होता, ज्याचं मन एका वीणेकऱ्याकडे जाई आणि ज्याचं नावही घराण्यात उरलं नव्हतं. तो आल्या आल्या म्हणाला, “माझ्या सोंगट्या कुणी घेतल्या? डाव माझा होता.” राजाने त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि सोंगट्या आणवल्या.

त्या दिवसापासून मनपारख बंद झाली. चैत्रात मुलांना नवी वस्त्रं अजून नेसवतात, पेढेही वाटतात. पण पाखराला कुणी विचारत नाही. आईबाप मुलाला जवळ बसवतात आणि त्यालाच विचारतात, आणि त्याला अजून कळलं नसेल तर पुढच्या चैत्रात पुन्हा विचारतात. साळुंकी वाड्याच्या आंब्यावर राहायला गेली.

दांडी दुभंगली त्या दिवशी दुपारी राणीने स्वतः पान वाढलं. वेणुमती पाटावर बसली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, “आई, आमटीत मीठ जास्त झालंय.”

राणीने हात जोडले. कुणाला जोडले ते तिने सांगितलं नाही.

जशी त्या राणीला तिची लेक पुरतीच्या पुरती भेटली, तशी ज्याची त्याची माणसं ज्याला त्याला भेटोत. ऐकणाऱ्याचं भलं होवो, आणि न ऐकणाऱ्याला ऐकायला सवड मिळो.